गाडीवरची मधमाशी

आमच्या नातवानें केलेल्या एका लहानशा चोरीची हकीकत येथें सांगावयाची आहे. ती सांगतांना चोरापेक्षां आमचीच अब्रू अधिक जाणार आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चार महिने अमेरिकेंत मुलाकडे होतों. त्याचें घर कॅलिफोर्नियांतील व्हेंचुरा परगण्यांत, समुद्रापासून मोटारीनें पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. मुलगा व सून कामावर गेलीं, म्हणजे तिकडचा दिवस फार लांब होतो. नातवाला शाळेची सुटी होती. तेव्हां स्वयंपाकघर आमच्या सौभाग्यवतींकडे आणि नातू आमच्याकडे, अशी वांटणी आपोआपच होऊन गेली. नातवाचें वय नऊ. या वयाच्या मुलाला सांभाळणें म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरें देणें होय, आणि पहिल्याच आठवड्यांत एका प्रश्नावर त्यानें आम्हांस निरुत्तर केलें. प्रश्न असा : "आजोबा, शेजारच्या आजोबांच्या ट्रकवरची माशी एवढी कां रागावली आहे?"

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. त्यांचा एक जुना पिकअप ट्रक दारांत उभा असे. पुढें दोघांतिघांची बैठक व मागें सामान टाकावयास उघडा हौदा, असें हें वाहन तिकडे पुष्कळ घरीं असतें. त्याच्या मागच्या फळीवर वीतभर व्यासाची एक गोल चकती चिकटलेली होती, आणि तिच्यावर एक मधमाशी. पण ती फुलावर बसलेली गोजिरवाणी मधमाशी नव्हे. डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, भिंवया चढलेल्या, पुढच्या हातांत बंदूक, आणि उरलेल्या हातांत पाना व हातोडा. बंदूक घेतलेला प्राणी आम्हीं चित्रांत पाहिला होता. परंतु बंदुकीबरोबर पाना घेतलेला प्राणी हा पहिलाच.

ही चकती डिंकानें चिकटविलेली नसून ती लोहचुंबकाची आहे, हा शोध नातवाचा. लोहसंयुगाची भुकटी रबरासारख्या लवचीक पदार्थांत मळून तिचा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा करतात. त्याच्या पाठीवर उत्तर व दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे एकाआड एक उमटवितात, आणि दुसऱ्या अंगावर चित्र छापतात. अशा दोन चकत्या पाठीला पाठ लावून सरकविल्या, तर त्या सरळ न सरकतां कट्कट् उड्या मारीत जातात. तो त्या पट्ट्यांचाच खेळ. वाटेल तेव्हां लावावी, वाटेल तेव्हां सोलून काढावी. मात्र महिनोन् महिने हलविली नाहीं तर तिच्या खालीं ओल धरते, आणि भोंवतालचा रंग उन्हानें विटून चकतीखालची जागा तेवढी गडद राहते. २००३ सालीं इराकवर स्वारी झाल्यानंतर पिवळ्या फितीच्या आकाराच्या अशा चकत्या अमेरिकेंत असंख्य मोटारींवर झळकूं लागल्या होत्या. त्या फिती कोणीहि लावीत. या मधमाशीची गोष्ट वेगळी आहे, हें आम्हांस मागाहून कळलें, आणि कळलें तें फजिती होऊन.

एका शनिवारीं मुलाबरोबर आम्ही वाणसामानाच्या दुकानीं गेलों होतों. मुलगा व नातू आंत गेले; आम्ही गाडींतच बसून राहिलों. इतक्यांत काठी टेकीत एक अतिशय म्हातारे गृहस्थ गाडीच्या मागें येऊन थबकले, मग आमच्या खिडकीपाशीं आले, आणि त्यांनीं कांहींतरी विचारलें. परदेशांत वृद्ध माणूस प्रश्न न समजल्यास जें करतो, तेंच आम्हीं केलें : हंसून मान हलविली. त्यांनीं आमचा हात दोन्ही हातांत धरला, आमच्या सेवेबद्दल आमचे आभार मानले, आणि डोळे पुशीत ते निघून गेले. त्यांच्या प्रश्नांतला एकच शब्द आमच्या कानीं नीट आला होता, तो 'बटालियन'.

आम्ही खालीं उतरून मागें जाऊन पाहिलें. शेजाऱ्यांची मधमाशी आमच्या मुलाच्या गाडीवर बसली होती.

नातवाला रागें भरावें, तर त्यानें ती फक्त 'फिरावयास' आणली होती. आणि आमचें स्वतःचें काय? आपण कांहींच केलें नाहीं असें आम्हांस त्या गृहस्थांच्या मागें धांवत जाऊन सांगतां आलें असतें. आम्ही गेलों नाहीं. कोणी आपले आभार मानले कीं ते परत करण्याची संवय माणसाला नसते.

संध्याकाळीं चकती घेऊन नातवासह शेजाऱ्यांच्या दारीं गेलों. हकीकत ऐकून ते प्रथम मोठ्यानें हंसले. मग म्हणाले, "त्या माणसानें तुम्हांला कोणती बटालियन म्हणून विचारलें असणार. आम्ही एकमेकांना तेंच विचारतों. नांव नंतर." त्यांनीं आम्हांस बसवून घेतलें, आणि माशीचा राग कां, हें नातवाला सांगितलें. पुढच्या आठवड्यांत ते आम्हां दोघांना जवळच पोर्ट वायनीमी येथें या लोकांचें संग्रहालय आहे तेथेंहि घेऊन गेले. त्यांनीं सांगितलेलें व मागाहून आम्हीं वाचलेलें एकत्र करून थोडक्यांत देतों.

१९४१ सालीं पॅसिफिक महासागरांतील वेक नांवाच्या चिमुकल्या बेटावर अमेरिकेचें आरमार धावपट्टी व तळ बांधवीत होतें. बांधणारे अकराशेंहून अधिक लोक हे कंत्राटदाराचे साधे कामगार होते : सुतार, गवंडी, यंत्रचालक. डिसेंबरांत जपाननें हल्ला केला आणि २३ तारखेला बेट पडलें. त्या कामगारांपैकीं कित्येकांनीं लढण्यास हात लावला होता. परंतु त्या काळीं गणवेष नसलेल्या माणसानें शस्त्र उचललें तर शत्रु त्याला बंडखोर समजून ठार करील अशी भीति असे. बहुतेकांना कैद करून नेलें. ९८ जणांना कामासाठीं बेटावरच ठेवलें, आणि ७ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्या सर्वांना मारून टाकलें. त्यांतला एक निसटला होता. पुन्हां सांपडण्यापूर्वीं त्यानें पोंवळ्याच्या एका खडकावर कैद्यांची संख्या व तारीख कोरून ठेविली. तो कोण होता हें कोणास ठाऊक नाहीं. खडक अजून आहे.

बेट पडलें त्याच आठवड्यांत आरमाराच्या बांधकाम खात्याचे प्रमुख, अॅडमिरल बेन मोरील यांनीं मागणी केली कीं बांधणारांनाच सैनिक करा. ५ जानेवारी १९४२ रोजीं त्यांस परवानगी मिळाली. 'कन्स्ट्रक्शन बटालियन' या नांवाचीं आद्याक्षरें सी आणि बी. इंग्रजींत तीं जोडून उच्चारलीं म्हणजे 'समुद्रावरची मधमाशी' असा अर्थ निघतो. ५ मार्च हा या दलाचा जन्मदिवस मानतात. या दलावर हुकूम चालवावयाचा कोणीं, यावरहि वाद झाला. आरमाराच्या रिवाजाप्रमाणें हुकमत लढाऊ अधिकाऱ्यांची, इंजिनिअरांची नव्हे. मोरील यांनीं ती इंजिनिअरांना मिळवून दिली. कोणत्याहि दरबारांत कारागिराला मान मिळावयाचा तर तो असा भांडूनच मिळतो.

चित्राची गोष्ट नातवाला सर्वांत आवडली. ऱ्होड आयलंड येथील क्वॉन्सेट पॉइंटच्या तळावर फ्रँक आयाफ्रेट नांवाचे एक कारकून होते. त्यांना व्यंगचित्रें काढण्याचा नाद. त्यांना नव्या दलासाठीं चिन्ह काढावयास सांगितलें. प्रथम त्यांच्या मनांत नदीला बांध घालणारा बीव्हर हा प्राणी आला. पण पुस्तकांत पाहिलें तों हा प्राणी संकट आलें कीं पळ काढतो! मग मधमाशी सुचली. ती आपल्या कामांत असते, कोणाच्या वाटेस जात नाहीं. परंतु तिच्या वाटेस गेलें तर डंख करते.

युद्धकाळांत या दलांत सवातीन लाखांवर माणसें होतीं, आणि साठांहून अधिक धंद्यांतलीं. आरंभीं भरती झालेल्यांचें सरासरी वय सदतीस होतें. अठरा-वीस वर्षांच्या मरीन शिपायांत अशी थट्टा रूढ झाली होती कीं सी-बीवर हात उगारूं नका, तो आपल्यापैकींच कोणाचा तरी बाप असेल. ग्वाडलकनाल बेटावर दिवसा बॉम्ब पडून धावपट्टीला खड्डे पडत. या लोकांनीं खड्ड्याच्या मापाची खडी मोटारींत आधींच भरून ठेविली, वर अंथरावयाचे छिद्रांचे लोखंडी पत्रे मोजून ठेविले, आणि पांचशें पौंडी बॉम्बचा खड्डा शंभर माणसांनीं चाळीस मिनिटांत बुजवावा असा क्रम बसविला. आकाशांत आपलीं विमानें पेट्रोल संपत आल्यामुळें घिरट्या घालीत आहेत, आणि खालीं फावडीं चालत आहेत, हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. त्या वेळीं शूर कोण, हें ठरविणें आम्हांस तरी कठीण वाटतें.

या माशीच्या पंखांवर डागहि आहेत, आणि ते शेजाऱ्यांनीं लपविले नाहींत. कृष्णवर्णी लोकांच्या चौतिसाव्या बटालियनला बढती नाकारली जाई, राहण्याजेवण्याच्या जागाहि वेगळ्या असत. मार्च १९४५ मध्यें याच पोर्ट वायनीमीच्या छावणींत त्यांच्यापैकीं सुमारें हजार जणांनीं काम न सोडतां दोन दिवस अन्न वर्ज्य केलें. आणि टिनियन बेटावरच्या प्रचंड धावपट्ट्या सी-बींनींच बांधल्या. त्यांपैकीं एकीवरून ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमाकडे विमान उडालें. आम्ही शेजाऱ्यांना याविषयीं विचारलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "रस्ता करणाऱ्याला त्यावरून काय जाणार हें कोणी सांगत नाहीं." हें उत्तर आम्हांस पुरतें पटलें नाहीं, त्यांनाहि पटलेलें दिसलें नाहीं. ते स्वतः १९६८ सालीं व्हिएतनाममध्यें बुलडोझर चालवीत होते. तेथें त्यांच्या आधीं तीन वर्षें, जून १९६५ मध्यें, डोंग शोआय येथें मार्व्हिन शील्ड्स नांवाचा सी-बी मारला गेला. तो यंत्रें दुरुस्त करणारा होता. अमेरिकेचें सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तो एकच सी-बी.

पण आम्ही पुढें गेलों. त्या पहिल्या संध्याकाळीं नातवाच्या हातून चकती घेतल्यावर त्यांनीं आम्हांस सहजच विचारलें होतें, "तुमच्या घरांत कोणी फौजेसाठीं बांधकाम केलें आहे काय?" आम्ही तोंडावर आलेलें 'नाहीं' कसेंबसें गिळलें. कारण आमच्या घरांत नानाकाका होते.

आमचें घराणें वाचकांस परिचित असेल अशाच प्रकारचें. आजोबा वकील, वडील प्राध्यापक, थोरले काका डॉक्टर. नानाकाका इंटरला दोनदां नापास झाले, मग ओव्हरसिअरची परीक्षा देऊन १९६३ सालीं सीमा रस्ते संघटनेच्या 'ग्रेफ' दलांत गेले. चीनशीं युद्ध होऊन वर्षहि झालें नव्हतें. तेजपूरहून तवांगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सेला खिंडीच्या अलीकडे, त्यांचीं पहिलीं वर्षें गेलीं. दोन वर्षांतून एकदां ते घरीं येत. चेहरा उन्हाबर्फानें रापलेला, डाव्या हाताचीं दोन बोटें सुरुंगाच्या अपघातांत गेलेलीं. पंगतींत थोरले काका म्हणत, "आमचा नाना डोंगर पोखरून उंदीर काढतो," आणि आम्ही मुलें हंसत असूं. नानाकाकाहि हंसत. लग्नकार्यांत कोणीं चौकशी केली तर घरांतून ठरलेलें उत्तर असे : "ते सरकारी नोकरींत आहेत, उत्तरेकडे." खडी, सुरुंग, मजूर हे शब्द बैठकीच्या खोलींत येत नसत.

ग्रेफचा माणूस शिपाई कीं नागरिक, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं तें दल सैन्याचेंच अविभाज्य अंग आहे. म्हणून सैन्याची शिस्त त्याला लागू करण्यांत कांहीं गैर नाहीं. तो निकाल वर्तमानपत्रांत वाचून नानाकाका म्हणाले होते, "शिक्षा शिपायाची, मान कारकुनाचा." आम्हांस तेव्हां तो नुसता विनोद वाटला.

आणि आम्ही तरी काय केलें? आठ वर्षांपूर्वीं नानाकाका वारले. वर्तमानपत्रांत द्यावयाची चार ओळींची सूचना आम्हींच लिहिली. चुलतभावानें कच्च्या मसुद्यांत 'सीमेवर रस्ते बांधणाऱ्या दलांत तीस वर्षें' असें लिहून दिलें होतें. आम्हीं तें खोडून 'निवृत्त सरकारी अधिकारी' असें घातलें. जागा वांचते असें कारण सांगितलें. आणि तें खोटें होतें.

आपल्याकडच्या मोटारींवर आम्ही 'डॉक्टर' पाहिलें आहे, 'वकील', 'प्रेस', कुलदैवतें, आडनांवें, आणि अलीकडे जातीचीं नांवेंहि पाहिलीं आहेत. पाना आणि हातोडा कोणीं अभिमानानें लावलेला मात्र आम्ही पाहिला नाहीं. वास्तविक खडकीला, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, बॉम्बे सॅपर्सचें ठाणें आहे. कारवारकडचे रामा राघोबा राणे त्याच तुकडींतले. एप्रिल १९४८ मध्यें नौशेराहून राजौरीच्या वाटेवर त्यांनीं शत्रूच्या माऱ्याखालीं सुरुंग काढले, आडवीं टाकलेलीं झाडें दूर केलीं, आणि रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीरचक्र स्वहस्तें स्वीकारण्यास जिवंत राहिलेले ते पहिलेच वीर. हें सर्व आम्ही शाळेंत मुलांना शिकविलें आहे. आणि तेच काम करणाऱ्या आपल्या काकांचा धंदा आम्ही खोडून टाकला.

शेजाऱ्यांना यांतलें अर्धेंच सांगितलें. खोडण्याचा भाग सांगावयास जीभ वळली नाहीं. त्यांनीं लगेच विचारलें, "कोणती तुकडी?" दुकानापाशीं त्या म्हाताऱ्यानें विचारलेला तोच प्रश्न. तेथें आम्हांस तो समजला नव्हता. येथें समजला, आणि उत्तर येत नव्हतें. तीस वर्षें ज्या तुकडींत काकांनीं घालविलीं, तिचा क्रमांक घरांतल्या कोणीं कधीं विचारलाच नव्हता.

त्या रात्रीं आम्ही पुण्यास काकूला निरोप धाडला. काकू आतां ब्यायशीं वर्षांची आहे. तिचें उत्तर यावयास तीन दिवस लागले. तें नातसुनेकडून टाइप करवून घेतलेलें होतें. त्यांत टास्क फोर्सचा क्रमांक होता, कंपनीचा होता, बदल्यांच्या तारखा होत्या, आणि काकांच्या टोपीवरच्या चिन्हाखालीं 'श्रमेण सर्वं साध्यम्' असें संस्कृतांत लिहिलेलें असे, हेंहि होतें. शेवटीं एका जुन्या छायाचित्राची प्रत जोडली होती : बर्फाच्या कडेला एक बुलडोझर उभा आहे, आणि त्याच्या पात्याला टेकून मफलर गुंडाळलेले नानाकाका.

मध्यंतरीं शेजाऱ्यांकडे नवा ट्रक आला होता. जुन्यावरची चकती सोलून त्यांनीं नव्याच्या फळीवर लावली, ती घसरून खालीं पडली. पुन्हां लावली, पुन्हां पडली. नातवानें जाऊन बोटानें फळी वाजवून पाहिली व निदान केलें, कीं ही फळी अॅल्युमिनिअमची आहे. अलीकडे कित्येक ट्रक वजन कमी करण्यासाठीं तसे करतात. लोहचुंबकाला तेथें धरावयास कांहींच नसतें. शेजारी क्षणभर ओशाळल्यासारखे झाले. जुन्या ट्रकच्या विटलेल्या रंगावर चकतीच्या जागीं एक गर्द वर्तुळ उरलें होतें, आणि तो ट्रक विकला जाणार होता. शेवटीं मधमाशी त्यांच्या अवजारांच्या लोखंडी पेटीवर जाऊन बसली. ती पेटी उघडी असतांनाच आम्ही काकूचें छायाचित्र घेऊन गेलों.

आम्हांस वाटलें, ते नानाकाकांचा चेहरा पाहतील. त्यांनीं चष्मा काढला, छायाचित्र डोळ्यांजवळ धरलें, आणि बुलडोझरच पाहत राहिले. मग म्हणाले, "पात्याची डावी कड फार झिजली आहे. डोंगर डावीकडे असला पाहिजे."

हें आम्ही काकूला कळविलें. या वेळीं तिनें उत्तराला तीन दिवस लावले नाहींत. "होय रे," तिनें लिहविलें, "डोंगर डावीकडे आणि दरी उजवीकडे. ह्यांच्या प्रत्येक पत्रांत असायचें."